आठवीचा वर्ग आणि उपवासाचं ताट

शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात हल्ली तयार प्रोजेक्ट मिळतो. थर्माकोलचा पिरॅमिड, प्लास्टर ऑफ पॅरिसचा ज्वालामुखी, ‘जगातील प्रमुख धर्म’ असा लॅमिनेशन केलेला चार्ट. नाव आणि रोल नंबर दुकानदारच सुंदर अक्षरात घालून देतो. बडोद्यातल्या एका शाळेत मी वीस वर्षांहून जास्त काळ इतिहास-भूगोल शिकवते आहे आणि असे ढीगभर पिरॅमिड तपासले आहेत. त्या दुकानदाराचं अक्षर मला आता काही मुलांच्या अक्षरापेक्षा लवकर ओळखू येतं.

यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. ‘इजिप्तची संस्कृती’ असा विषय दिला की त्याचं उत्तर जगात कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. मुलांच्या हाती उरतं ते उतरवून काढणं. पूर्वी ती पुस्तकातून उतरवायची, मग नेटवरून, आणि आता फोनला सांगितलं की तो परस्पर लिहूनच देतो. म्हणजे आई-वडिलांचे दोनशे रुपयेसुद्धा वाचले!

म्हणून प्रोजेक्टचा प्रश्न असा हवा की घरी विचारल्याशिवाय तो सुरूच होणार नाही, आणि नुसतं घरी विचारून संपणारही नाही. गेल्या वर्षी आठवीला मी असा एक प्रश्न दिला होता. तुमच्या घरी उपवासाच्या दिवशी ताटात जे पदार्थ असतात, ते तिथे कुठून आले, कधी आले, आणि ते ‘चालतात’ हे कुणी ठरवलं? मुदत सहा आठवडे. चिकटवलेली छापील चित्रं चालणार नाहीत, नकाशा हाताने काढायचा, आणि प्रत्येक माहितीपुढे ‘हे मला कुठून कळलं’ ते लिहायचं. ‘आजीने सांगितलं’ हे उत्तर चालेल. ‘गूगलने सांगितलं’ हे चालणार नाही, कारण गूगल सांगत नाही, तो फक्त दुसऱ्याचं दार दाखवतो. त्या दारावरची पाटी लिहा.

वर्ग कसा होता तेही सांगायला हवं. बेचाळीस मुलं. मराठी आणि गुजराती बरोबरीने, सात-आठ जैन, पाच मुसलमान, तीन केरळी ख्रिस्ती आणि एक पारशी मुलगी. मला कुणी बाई म्हणतं, कुणी बेन, कुणी टीचर. बडोद्यातला साधारण कुठलाही वर्ग असाच असतो.

सुरुवात खिचडीपासून झाली, कारण साबुदाण्याची खिचडी हा मराठी-गुजराती वादाचा हक्काचा विषय आहे. कोथिंबीर चालते की नाही? लिंबू पिळायचं की नाही? पहिला तास त्यातच गेला, आणि मी तो जाऊ दिला. दुसऱ्या आठवड्यात मुलांनी एकेका जिन्नसाचा माग काढायला घेतला. जुन्या पांढऱ्या चादरीवर त्यांनी जगाचा नकाशा काढला होता. लाल लोकरीचा एक धागा बडोद्यापासून निघायचा आणि तो जिन्नस मुळात जिथला तिथे जाऊन टाचणीने टोचायचा.

बटाट्याचा धागा गेला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या भागात. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. हिरवी मिरची मेक्सिकोची. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, म्हणजे टॅपिओका, ब्राझीलच्या बाजूचा. तिथल्या आदिवासींनी तो किसून, पिळून, भाजून त्यातला विषारी अंश काढून टाकण्याची युक्ती शोधली नसती तर तो कुणाच्याच पोटात गेला नसता. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेत पोचेपर्यंत या चारांपैकी एकही जिन्नस आपल्याकडे नव्हता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत यांतला बराचसा माल त्यांच्या आणि इतरांच्या गलबतांतून इथे उतरला. साबुदाणा तर त्याहून उशिराचा. त्याचं नाव पडलं मलाया-इंडोनेशियातल्या सागू नावाच्या माडासारख्या झाडावरून. मूळ दाणे त्या झाडाच्या गाभ्याचे. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाल यांनी १८८०च्या दशकात आपल्या प्रजेला टॅपिओका खायला उत्तेजन दिलं, आणि दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारे दाणे बंद झाल्यावर तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूला टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आपण खातो तो बहुतेक तिकडचा.

मुलं सुन्न! चादरीवर चार लाल धागे अटलांटिक ओलांडून पलीकडे गेलेले. खिचडीत आपल्या बाजूचं उरलं काय, तर तूप, खोबरं आणि मीठ. जिरंसुद्धा पश्चिम आशियाकडून आलेलं, पण ते निदान हजारो वर्षांपूर्वी आलं. मिठावरून एकाने सैंधवाची गोष्ट आणली. नावातच सिंधू, आणि ते निघतं पाकिस्तानातल्या पंजाबात, खेवड्याच्या खाणीतून. म्हणजे आपलं सर्वांत ‘शुद्ध’ मीठ सीमेपलीकडचं.

मग बाकीचं ताट तपासायचं वेडच लागलं. रताळं अमेरिकेचं. गंमत म्हणजे ‘बटाटा’ हा पोर्तुगीज शब्द मुळात रताळ्याचाच, कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या बोलीतून उचललेला. आपण एकाचं नाव दुसऱ्याला देऊन बसलो. पपई, पेरू, चिकू, अननस, सगळी तिकडचीच मंडळी. सीताफळ आणि रामफळसुद्धा! नावं राम-सीतेची आणि माहेर अमेरिकेत, यावर वर्गात बराच गलका झाला. एका मुलाने वडिलांच्या मदतीने शोधून आणलं की अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहूतच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत सीताफळ दिसलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञांना ते पटत नाही. दगडात कोरलेलं खवल्याखवल्यांचं फळ म्हणजे सीताफळच कशावरून, असं ते विचारतात. मी दोन्ही बाजू फळ्यावर लिहिल्या आणि ‘पुरावा म्हणजे काय’ हा एरवी कंटाळवाणा धडा त्या दिवशी आपोआप शिकवून झाला.

पण सगळ्यांत मोठा धक्का राजगिऱ्याने दिला. राजगिरा आपल्याला वेदकाळापासूनचा वाटतो, आणि धान्य म्हणून पिकवला जाणारा राजगिरा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक त्याच्या पिठात मध वगैरे घालून देवांच्या मूर्ती करत, आणि सणाच्या शेवटी त्या मोडून सगळ्यांत वाटून खात. प्रसादच म्हणा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो देश जिंकला, तेव्हा पाद्र्यांना यात आपल्या पवित्र भाकरीच्या विधीची विटंबना दिसली आणि त्यांनी या मूर्ती बंद करायला लावल्या. तिकडे ज्याला धर्मातून हाकललं, त्याला इकडे उपवासात मानाचं पान मिळालं. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात घालून वड्या अजूनही करतात. त्यांचं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. फोटो पाहिला तर खंडेराव मार्केटमधली राजगिऱ्याची चिक्कीच वाटते.

या सगळ्याचा घरी काय परिणाम होईल याची मला थोडी धाकधूक होती, आणि ती खरी ठरली. एका विद्यार्थ्याच्या आजी शाळेत आल्या. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातल्या, वय ऐंशीच्या पुढे. बसल्यावर त्यांनी सरळ विचारलं, “बाई, नातू सांगतो माझी खिचडी परदेशी आहे. म्हणजे साठ वर्षं माझे उपवास मोडले का?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. साठ वर्षांच्या एकादश्या होत्या त्यात. मी म्हटलं, “आजी, मोडले नाहीत. पण तुमच्या आजेसासूबाई उपवासाला काय करायच्या, ते आठवतं का?” त्या जरा थांबल्या आणि मग सांगतच सुटल्या. वरीचे तांदूळ. शिंगाड्याच्या पिठाची लापशी. सुरण, केळी, दूध. हिरवी मिरची नाही, मिरी. बटाटा आजेसासूबाई शेवटपर्यंत उपवासाला खात नसत, पण इतरांनी खाल्लेला त्यांना चालायचा. नातू शेजारी बसून लिहून घेत होता. जाताना आजी म्हणाल्या, “मग हे बटाट्याचं कुणी सुरू केलं ते शोधून सांगा मला.” ते आम्हाला नेमकं सापडलेलं नाही. कुठल्यातरी स्वयंपाकघरात कुठल्यातरी बाईने ठरवलं असणार, आणि अशा निर्णयाची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

पण त्यातूनच एका मुलीने या प्रोजेक्टमधला सर्वांत चांगला प्रश्न विचारला. बटाटा आणि टोमॅटो दोघंही अमेरिकेचे, दोघंही परके. मग उपवासाला बटाटा आत आणि टोमॅटो बाहेर, असं का? दोन दिवस वर्ग त्यावर भांडत होता. शेवटी त्यांनी काढलेलं अनुमान मला पटण्यासारखं वाटलं. उपवासाचा जुना नियम धान्य टाळण्याचा. नांगरलेल्या शेतातलं नको, कंदमुळं आणि फळं चालतील, जणू एक दिवस ऋषीसारखं राहायचं. बटाटा, रताळं, टॅपिओका आले ते कंद म्हणून. शेंगदाणा जमिनीखालचा, राजगिरा दिसायला बी पण गवताच्या जातीचा नाही. ज्याला जुन्या नियमात जागा सापडली तो आत गेला. टोमॅटो दिसायला वांग्याच्या भावकीतला, तो राहिला दारात. नियम जुनाच राहिला आणि माल बदलला. आजींना हे नातवाने सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, “हे आधी सांगायचं!”

तेवढ्यात जैन मुलांच्या गटाने सगळं उलटंपालटं केलं. त्यांच्याकडे उपवास म्हणजे उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताच्या आत. आणि एरवीच्या दिवशीही कंदमूळ नको, कारण कंद उपटला की अख्खं झाड मरतं आणि त्याच्यासोबत मातीतले असंख्य जीव. म्हणजे ज्या कारणाने बटाट्याला आमच्या ताटात प्रवेश मिळाला, नेमक्या त्याच कारणाने तो त्यांच्या ताटातून बाहेर. दोन बाकांच्या अंतरावर बसणाऱ्या मुलांच्या घरांतली ही गोष्ट. मैत्रीण डब्यातली बटाट्याची भाजी का नाकारते, हे त्यांना सहावीपासून माहीत होतं. ते नखरे नाहीत हे आठवीत कळलं.

इथे मला माझा एक नियम सांगायला हवा, कारण धर्म हा विषय घेऊन प्रोजेक्ट करायचा तर त्याच्याशिवाय मी एक पाऊलही टाकणार नाही. गट पाडण्याच्या आदल्या दिवशी एक मुलगा मधल्या सुट्टीत टेबलापाशी आला. हळूच म्हणाला, “टीचर, मला रोजा देऊ नका. दर वेळी मलाच विचारतात. सगळे वळून बघतात.” चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या अख्ख्या धर्माचा वकील म्हणून उभं करायचं, हा शिकवण्यातला आळस आहे. त्याला विचारणं सोपं म्हणून आपण विचारतो. म्हणून नियम असा, की ताट स्वतःच्या घरचं शोधायचं, पण उपवासाचा अभ्यास दुसऱ्याचा करायचा. आणि माहिती वर्गमित्राला विचारायची नाही. एखाद्या जाणत्या मोठ्या माणसाला आधी चिठ्ठी लिहून, वेळ मागून, प्रश्न दाखवून विचारायची. त्या मुलाच्या गटाला मी दिला युरोपातल्या ख्रिस्ती लोकांचा लेंट.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. मध्ययुगीन युरोपात त्या दिवसांत आणि एरवी दर शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासे चालत. या एका ‘चालतं’मधून केवढा व्यापार उभा राहिला! नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर थंड वाऱ्यात वाळवलेला कॉड मासा बर्गेन बंदरातून सगळ्या युरोपात जायचा. बाल्टिकच्या बाजूचा खारवलेला हेरिंग हान्सा नावाच्या व्यापारी नगरांच्या संघाने विकला. पुढे कॉडच्या शोधात बास्क, पोर्तुगीज, इंग्रज कोळी अटलांटिकच्या पार न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊ लागले. आणखी एक मजा. इंग्लंडने पोपशी संबंध तोडले, तरी पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात १५६३ मध्ये शुक्रवार-शनिवारच्या जोडीला बुधवारही मासे खाण्याचा दिवस ठरवणारा कायदा झाला. कारण पुण्य नव्हे. मासे खपले तर कोळी टिकतील, आणि कोळी टिकले तर युद्धाच्या वेळी आरमाराला खलाशी मिळतील! तो मुलगा हे सांगत होता तेव्हाही सगळे त्याच्याकडेच बघत होते, आणि या वेळी त्याची काही तक्रार नव्हती. शेवटी त्याने व्हेनेझुएलातल्या कॅपिबाराचं चित्र काढून दाखवलं. डुकराएवढा मोठा, उंदरांच्या जातीचा प्राणी. तो पाण्यात पोहतो, म्हणून लेंटमध्ये तो मासा समजून खातात. माझ्या मागच्या बाकावरचा मराठी आवाज लगेच म्हणाला, “एकादशी, दुप्पट खाशी!”

रमझानचा अभ्यास ज्या गटाकडे होता त्यात एक मराठी मुलगी होती. तिच्या वडिलांचा मला निरोप आला, भेटायचं आहे. गृहस्थ सौम्य पण स्पष्ट होते. “बाई, माझ्या मुलीने आपल्या चतुर्मासाची माहिती लिहावी. दुसऱ्यांचे उपवास तिने का शिकायचे?” बाहेरची हवा कशी आहे हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. मी म्हटलं, ती उपवास शिकत नाही, उपवासाबद्दल शिकते आहे. तिला पाळायला कुणी सांगणार नाही आणि कौतुक करायलाही सांगणार नाही, समजून घेऊन बरोबर लिहायला मात्र सांगेन. त्यांना हे पुरेसं वाटलं नाही. मग मी त्यांना आपल्याच गावाची आठवण दिली. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच महाराजांनी बडोदा कॉलेजात सगळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवायची सोय केली होती, त्यासाठी विजेरी नावाचे इंग्रज प्राध्यापक नेमले होते, आणि १९३३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जाऊन स्वतः भाषण केलं होतं. वडील म्हणाले, “ते महाराज होते.” खरं आहे. शेवटी ठरलं असं, की वर्गात मांडण्याआधी मुलीची वही ते वाचतील.

ती वही त्यांनी वाचली, आणि पेनाने एक आकडा दुरुस्त करून पाठवली. ते हिशेबनीस होते. मुलीने मांडलं होतं, की हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं, म्हणून रमझान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. मग सगळे ऋतू फिरून तो जागेवर यायला किती वर्षं? तिचा भागाकार चुकला होता. तेहतीस यायला हवे होते. खाली वडिलांच्या अक्षरात एक ओळ: ‘आपलाही महिना चंद्राचाच. मग श्रावण पावसाळ्यातून का हलत नाही? अधिक मास पाहा.’ हा प्रश्न माझ्या प्रश्नपत्रिकेत असता तर मला अभिमान वाटला असता. मुलांनी पंचांग आणलं. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून आपण चंद्राला सूर्याशी बांधून ठेवतो, २०२३ मधला अधिक श्रावण अनेकांना आठवत होता. ज्यू कॅलेंडरही तसाच अधिक महिना घालतं. ईस्टर ठरतो वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. फक्त हिजरी महिना मोकळा फिरतो. त्या हिशेबाने २०३० साली जानेवारीत एक आणि डिसेंबर संपता संपता दुसरा, असे दोन रमझान सुरू होतील, हे मुलांनी स्वतः काढलं आणि नंतर ताडून पाहिलं. वडील पुन्हा काही बोलले नाहीत. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. वही मात्र त्यांनी शेवटपर्यंत तपासली.

त्याच गटाला अक्षांश कळले ते रोज्यामुळे. बडोद्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस जवळपास साडेतेरा तासांचा. मग नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावात, जिथे उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळतच नाही, तिथले मुसलमान रोजा सोडतात कधी? २०१५-१६च्या सुमाराला रमझान नेमका तिथे येऊन पडला होता. उत्तर असं, की काही जण मक्केच्या वेळा धरतात, काही जण जिथे रात्र होते अशा जवळच्या शहराच्या. पृथ्वीचा कललेला अक्ष मी दर वर्षी टॉर्च आणि ग्लोब घेऊन शिकवते. एवढं लक्ष देऊन तो कुणी ऐकला नव्हता.

इथिओपियाच्या गटाचं मी थोडक्यात सांगते, नाहीतर संपणार नाही. तिथल्या पुरातन ख्रिस्ती पंथात सामान्य माणसालाही वर्षात सुमारे १८० दिवस उपवास, आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडं काही नाही. अदिस अबाबाच्या हॉटेलांत या दिवसांसाठी खास ‘उपवासाची थाळी’ मिळते. इंजेरा नावाच्या आंबवलेल्या मोठ्या धिरड्यावर डाळी आणि भाज्या. आपल्याकडच्या ‘फराळी थाळी मिळेल’ या पाटीचा फोटो आणि तो फोटो मुलांनी शेजारी शेजारी लावला.

आणि एक गट मराठी ज्यूंकडे वळला, तो मात्र मला सोडवत नाही. कोकणातल्या अलिबागच्या आसपास शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल. तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं, दुसऱ्यांदा इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने. त्या दुःखाचा जो उपवास जगभरचे ज्यू पाळतात, त्याला या मंडळींत नाव पडलं बिरड्याचा सण, कारण तो सोडायला वालाचं बिरडं! रोमन साम्राज्य, जेरुसलेम आणि आपलं कोकणातलं बिरडं एका ओळीत. १९४८ नंतर यांतले बहुतेक इस्राएलला गेले आणि मराठी सोबत घेऊन गेले. बडोद्यात पिढ्यान् पिढ्या मराठी जपणाऱ्या घरांतल्या मुलांना हे कुठेतरी आत लागलं. “म्हणजे तेही आपल्यासारखेच बाहेरगावचे मराठी,” एकजण म्हणाला.

एक गोष्ट मी सुचवली नव्हती, ती मुलांनी चादरीवरून टिपली. चातुर्मास, जैन मुनींचा चातुर्मास आणि बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, तिन्ही पावसाळ्यातच. का? पाऊस सुरू झाला की वाटा बंद, नद्या फुगलेल्या, पायाखाली जीवजंतू. फिरतीवरच्या संन्याशाने एका जागी थांबायचं, आणि तो गावात थांबला की गावात व्रतं, प्रवचनं. तीन धर्मांवर एकाच मोसमी वाऱ्याची सही. पुस्तकात मोसमी वारे भूगोलात असतात आणि बुद्ध-महावीर इतिहासात, मध्ये दीडशे पानांचं अंतर.

फोनचा बंदोबस्त कसा केला, असं मला पालक विचारतात. मी बंदी घातली नाही. फोनने दिलेलं उत्तर घेऊन या आणि त्यात काय चुकलं ते दाखवा, त्याचे वेगळे गुण. साबुदाणा मांसाहारी आहे, त्यात किडे तुडवतात, हा सगळ्यांच्या घरच्या ग्रुपवर फिरून गेलेला निरोप दोन मुलींनी तपासायला घेतला. साबुदाणा कसा करतात, टाक्यांत स्टार्च कसा निवळतो, दाणे कसे वळतात आणि भाजतात, ते शोधून त्यांनी पायरीपायरीने चित्रं काढली आणि तीच घरच्या ग्रुपवर टाकली. एका काकांनी ग्रुप सोडला म्हणतात.

गुण द्यायला हा प्रोजेक्ट फार त्रासाचा, हे कबूल. बेचाळीस वह्या, प्रत्येक वेगळी, उत्तरपत्रिका नाही. तयार पिरॅमिडला दहापैकी आठ देऊन मोकळं होता येतं. शिवाय पोर्शन मागे राहतो आणि वरून विचारणा होते. माझी पद्धत अशी की पाठ्यपुस्तकातले तीन धडे, म्हणजे युरोपीय लोकांचं आगमन, ऋतू आणि अक्षांश, आणि मोसमी वारे, मी या सहा आठवड्यांतच बसवले आणि वेगळे शिकवले नाहीत. परीक्षेत त्यावरचे प्रश्न मुलांनी इतरांइतकेच बरे सोडवले. जास्त चांगले सोडवले असं सांगायला मला आवडलं असतं.

तुमच्यापैकी जे आता स्वतः आईबाबा झाले आहेत, त्यांना हे घरीही करता येईल. वर्ग लागत नाही, चादर लागते. येत्या एकादशीला ताट वाढलं की एकच जिन्नस निवडा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर नकाशाच्या आधी त्यांना विचारा, कारण नकाशा पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

या वर्षीच्या आठवीने विषय स्वतः निवडला आहे. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे. बडोद्याच्या प्रत्येक मुलाने ती पाहिलेली असते आणि तिथून पळ काढलेला असतो. या वेळी मुलं पळाली नाहीत. तिथून परतताना एकीने विचारलं, मेलेल्या माणसासोबत जेवण का ठेवायचे? आपण पितरांना पान वाढतो, मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांसाठी घरात ताट मांडतात, चीनमध्ये थडग्यांवर फळं ठेवतात. चादर नवी आणली आहे. आजींना निरोप गेला आहे, आणि पितृपक्षातल्या स्वयंपाकात गवार आणि कारलं का लागतं ते त्या पुढच्या मंगळवारी सांगणार आहेत.